मधलं शून्य

डंक सुरू झाला की उत्तरेश्वर पेठेतली
अर्धी गल्ली शिंकते.
मीही शिंकतोय, शिडीवर,
ओठांत दोन स्क्रू धरून,
आणि खाली मालनताई चौगुले:

"केरबा, वळवाचे दिवस आलेत. लाईट गेली
की बायका मिरचीचे डबे उचलून
पलीकडच्या डंकावर जातात.
जनरेटर आणलाय, सरळ बोर्डाला जोड की.
लाईट गेली की मेन पाडायचा,
मग जनरेटर मारायचा.
एवढं ध्यानात ठेवलं की झालं."

ध्यानात.
मी स्क्रू हातात घेतले.
म्हटलं, ताई, ध्यानाचा भरवसा नाही.
गिऱ्हाईक ओरडत असतं, मिरची डोळ्यांत जाते,
मेन पाडायचा राहून जातो,
आणि तुमची वीज दुकानात थांबत नाही.
आली त्याच वाटेनं माघारी निघते,
डीपीत शिरते, उलटी चढते,
अकरा हजार होऊन खांबावर पोचते.
तिथं एकजण पकड घेऊन बसलेला असतो,
लाईन बंद आहे समजून.

"असं कुठं झालंय?" ताई म्हणाल्या.

मी उत्तर दिलं नाही.
लग कापत बसलो.

चार पोलचा चेंजओव्हर हा.
तीन फेज, आणि चौथा न्यूट्रल.
गरीब दिसतो म्हणून त्याला सोडायचं नाही,
त्यालाही तोडायचा.
हँडल वर: बोर्डाची वीज.
हँडल खाली: जनरेटरची.
दोन्ही एकदम नाहीत,
तुम्ही विसरलात तरी नाहीत,
रागानं लाथ घातलीत तरी नाहीत.
आणि मध्ये शून्य.
तिथं कुणाचीच वीज नाही.
मला सगळ्यात जास्त ती जागा आवडते.

मागच्या बोळात दोन खड्डे खणले,
मीठ, कोळसा, पाणी.
जनरेटरच्या अंगाला दोन अर्थ वेगळे,
न्यूट्रलला वेगळा.
"दोन-दोन कशाला?" म्हणत ताईंनी
बादली मात्र स्वतः आणून ओतली.

अठरा वर्षांमागं उचगावात
एका कार्यालयाला मी असाच जनरेटर जोडला होता,
सरळ, बोर्डाला.
मॅनेजरला सांगितलं होतं, ध्यानात ठेवा.
त्या रात्री वारं सुटलं, तार तुटली,
पंगत बसलेली होती.
खांबावर जिन्नाप्पा मगदूम होता.
उजव्या हाताची दोन बोटं गेली, जीव राहिला.
त्या फीडरवर सात जनरेटर धडधडत होते म्हणे.
त्यातला एक माझा.
कुणाचा, ते कुणी शोधलं नाही.
मीही नाही.

संध्याकाळी मेन पाडला.
हँडल शून्यावर, एक श्वास, मग खाली.
डंक उलटा फिरला!
बायका हसल्या, ताई कपाळाला हात लावून.
जनरेटर बंद केला, दोन फेज अदलून घेतले,
पुन्हा.
आता मुसळं नीट आपटायला लागली.

मग मी शिडी चढलो
आणि बाहेरून येणाऱ्या तारेच्या टोकाला
टेस्टर लावला.
लागला नाही.
त्या न लागलेल्या दिव्याकडं
मी किती वेळ बघत होतो कोण जाणे,
खालून ताई ओरडल्या,
"अरे उतर, का तिथंच जेवतोस?"

बिलातले तीनशे कापले त्यांनी.
वर चटणीची पुडी दिली, कांदा-लसूण, ताजी.

परवा बिल भरायला ऑफिसात गेलो.
जिन्नाप्पा आता तिथं बसतो, पावत्या फाडतो.
पुडी त्याच्या टेबलावर ठेवली.
"कशाबद्दल रं?"
म्हटलं, डंक नवा जोडलाय, चव बघ.

त्यानं डाव्या हातानं गाठ सोडली,
नाकाशी धरली,
आणि शिंकला.